डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि तालुक्याचे न्यायालय

गावोगावच्या चौकात परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा उभा आहे. अंगात कोट, एक हात पुढे उंचावलेला आणि दुसऱ्या हातात संविधान, हे रूप आपल्या मुलांच्या डोळ्यांत लहानपणापासून ठसलेले असते. परंतु त्या हातात संविधान येण्यापूर्वी अनेक वर्षे त्याच हातात पक्षकारांची वकीलपत्रे होती, हे आपण फारसे लक्षात ठेवत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, संपादक होते, प्राध्यापक होते, लोकनेते होते. तसेच ते फौजदारी आणि दिवाणी न्यायालयांत उभे राहणारे वकीलही होते. कायद्याचा अर्थ त्यांनी लंडनच्या ग्रंथालयात जसा समजून घेतला, तसाच तो महाड, पुणे, नाशिक येथील मॅजिस्ट्रेटांच्या कारभारातूनही समजून घेतला. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचा हा एकच धागा येथे उलगडून पाहावयाचा आहे.

त्याला कारणही आहे. नांदगाव तालुक्यातील आपले पालक आठवडे बाजाराला येतात, तहसील कचेरीत दाखल्यांसाठी येतात, मुलांना भेटायला विद्यालयात येतात. पण न्यायालयाच्या आवारात पाऊल टाकताना मात्र ते बिचकतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ज्याचा शब्द गावात आधीच कायदा मानला जातो, त्याला ही म्हण परवडते. ज्याला गावात शब्दच नाही, त्याने ती पायरी चढली नाही तर त्याने दाद कोठे मागावी? बाबासाहेबांनी ती पायरी स्वतः चढली, इतरांसाठी चढली, आणि पुढे संधी मिळताच त्या पायरीवर दुर्बलाचा हक्क संविधानाने कोरून ठेवला.

सनद आणि पहिले खटले

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राबरोबरच त्यांनी ग्रेज इन या संस्थेतून कायद्याचा अभ्यास पूर्ण केला आणि १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. मायदेशी परतल्यावर १९२३ च्या जुलै महिन्यात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. सनद घेण्यापुरतेही पैसे त्यांच्यापाशी नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. उच्च न्यायालयात सॉलिसिटरांच्या ओळखीवर कामे मिळत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठे काम घेऊन येणार कोण? त्यामुळे परळच्या कार्यालयात गिरणी कामगार, गावाकडून आलेले शेतकरी, वतनाच्या तक्रारी घेऊन आलेले महार अशा गरिबांचीच ये-जा अधिक राहिली. जिल्हा आणि तालुका पातळीवरची न्यायव्यवस्था गरिबाच्या बाजूने कशी दिसते, हे या पक्षकारांनी त्यांना दाखविले.

१९२६ साली पुण्यात एक गाजलेला खटला झाला. दिनकरराव जवळकर यांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून बदनामीची फिर्याद झाली होती. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कारावासाची शिक्षा ठोठावली. त्यावर सत्र न्यायालयात झालेल्या अपिलात बाबासाहेब आरोपींच्या बाजूने उभे राहिले आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. ब्राह्मणेतर चळवळीचे नेते संकटात असताना एका अस्पृश्य वकिलाने त्यांना सोडविले, एवढ्यापुरतीच या खटल्याची कथा सांगितली जाते. परंतु त्यातील दुसरा धडाही महत्त्वाचा आहे. मॅजिस्ट्रेटचा निर्णय हा अंतिम शब्द नसतो; त्याच्यावर सत्र न्यायालय आहे, त्याच्यावर उच्च न्यायालय आहे, आणि खालच्या न्यायासनाची चूक युक्तिवादाने दुरुस्त करून घेता येते. तरुण बॅरिस्टरच्या पायाखाली ही जमीन पक्की झाली आणि पुढच्याच वर्षी महाड घडले.

महाडचे दोन निवाडे

मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला होता. हा ठराव मांडणारे होते रावबहादूर सी. के. बोले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला आणि तळे जसेच्या तसे बंद राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठविण्यात आली, परिषदेच्या मंडपावर आणि घरोघरी परतणाऱ्या लोकांवर लाठ्याकाठ्यांचा हल्ला झाला. बाबासाहेबांच्या एका इशाऱ्यासरशी उलट हल्ला होऊ शकला असता. परिषदेला आलेल्यांत लष्करात नोकरी केलेले निवृत्त सैनिक होते, त्यांचे रक्त खवळले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, पोलिसांकडे दाद मागितली आणि प्रकरण कायद्याच्या मार्गाने नेले.

या संयमाचे फळ ६ जून १९२७ रोजी मिळाले. जिल्हा मॅजिस्ट्रेटने हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. आपण २० मार्च मोठ्या उत्साहाने साजरा करतो. ६ जूनचा हा निवाडा मात्र आपल्या भाषणांत क्वचितच येतो. अस्पृश्याच्या अंगावर हात टाकला तर तुरुंगात जावे लागते, ही गोष्ट त्या दिवशी कोकणातील सवर्णांना प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. शतकानुशतके जो मार मुकाट्याने सोसला गेला, त्याला प्रथमच गुन्हा हे नाव मिळाले.

बाबासाहेब मात्र या निकालाने हुरळून गेले नाहीत. जिल्ह्यातील वरिष्ठ अधिकारी हिंदू समाजाबाहेरचे होते म्हणून हा न्याय मिळाला, ते तसे नसते तर मिळाला नसता, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. न्याय हा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या योगायोगावर अवलंबून असेल तर तो हक्क नव्हे, ती कृपा होय. हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून रुजलेला दिसतो.

दुसरा निवाडा दिवाणी होता आणि तो दीर्घकाळ चालला. ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्यावर डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. तेव्हा काही सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास न शिवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर १९२७ रोजी न्यायालयाने बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला.

२५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो सत्याग्रही मरण पत्करण्याच्या तयारीने आले होते. परिषदेसाठी जागा मिळू नये असे प्रयत्न झाले. अखेर फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. त्याच दिवशी रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. स्वतः जिल्हा मॅजिस्ट्रेट परिषदेत आले आणि न्यायालयाच्या हुकमाचा मान राखावा असे त्यांनी लोकांना समजाविले. बाबासाहेबांनी त्यांना बोलू दिले. पुढे दोन दिवस विचारविनिमय झाला आणि सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय झाला. लोकांनी तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली, पण पाण्याला हात लावला नाही.

हा निर्णय त्या क्षणी किती कठीण होता याची कल्पना आज करणे अवघड आहे. जमलेल्या जनसमुदायाला परत पाठविणे हे कोणत्याही नेत्याला सोपे नसते. पण विषमतेचा ग्रंथ जाळणारा आणि न्यायालयाचा हुकूम पाळणारा नेता एकच होता, आणि या दोन कृतींत विसंगती नव्हती. बाबासाहेबांना कायद्याचे राज्य मोडावयाचे नव्हते. मनूचा कायदा बाजूला सारून त्याच्या जागी माणसाचा कायदा आणावयाचा होता. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. १९३१ साली दावा फेटाळला गेला. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात हरले, मग उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला आणि अनादी प्रथेचा दावा सिद्ध झाला नाही असे ठरविले. २० मार्च १९२७ पासून मोजले तर तीन दिवस कमी दहा वर्षे. न्यायालयाला उशीर लागतो ही तक्रार खरी आहे. पण त्या उशिरानंतर मिळालेला निर्णय पुन्हा कोणत्याही नगरपालिकेच्या ठरावाने मागे घेता येण्यासारखा नव्हता.

धुळे आणि चाळीसगाव

महाडचा दावा चालू असतानाच बाबासाहेबांचे आपल्या भागात येणे झाले. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. १९२९ साली धुळ्याकडील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातल्याची तक्रार आली आणि तिची चौकशी करण्यासाठी बाबासाहेब तिकडे निघाले. नांदगावच्या पुढे रेल्वेने गेले की चाळीसगाव लागते. तेथे गाडी बदलावी लागे. चाळीसगावच्या महार बांधवांनी त्यांना परतीच्या वाटेवर एक रात्र मुक्काम करण्याची गळ घातली.

धुळ्याहून परतल्यावर स्टेशनापासून महारवाड्याकडे नेण्यास कोणी टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, पण अस्पृश्याला बसवून तो हाकण्यास मालक राजी नव्हता. अखेर एका महार बांधवाने स्वतःच लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, घोडा उधळला आणि बाबासाहेब दगडांवर आपटले. पायाचे हाड मोडून ते बराच काळ अंथरुणाला खिळले. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरपेक्षा आपण श्रेष्ठ आहोत असे एका टांगेवाल्याला वाटते, याची नोंद त्यांनी पुढे आपल्या आठवणींत केली.

या प्रवासाचे मूळ कारण होते बहिष्कार. बहिष्कारात मारहाण नसते, म्हणून पोलिसांत गुन्हा नसतो. मॅजिस्ट्रेटसमोर नेता येईल असे कलमही नसते. दुकानदार मीठ-तेल देत नाही, मजुरी मिळत नाही, गुरांना चरायला जागा मिळत नाही, आणि तरीही कायद्याच्या नजरेत काहीच घडलेले नसते. म्हणूनच १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी तरतूद सुचविली. कायद्यात कलम असल्याशिवाय चांगला मॅजिस्ट्रेटही हतबल असतो, हे त्यांनी या दौऱ्यांत पाहिले होते.

नाशिकचा धडा

नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाशी आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. २ मार्च १९३० रोजी भव्य मिरवणूक मंदिराकडे गेली. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर बसली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे या लढ्याचा कणा होते. ३ मार्चच्या सकाळपासून मंदिराभोवती सशस्त्र पोलीस होते आणि त्यांच्यासोबत दोन प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटही बंदोबस्तावर होते. पुढे ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी ठरलेला समझोता मोडून रथ पळविण्यात आला, दगडफेक झाली आणि बाबासाहेबांसह अनेकांना इजा झाली. जमावबंदीचे हुकूम, अटका आणि तुरुंगवास सोसत हा लढा काही वर्षे चालला.

मंदिराच्या दारात बंदोबस्तावर उभे असलेले ते दोन मॅजिस्ट्रेट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट न्याहाळावेत. इंग्रजी अमलात जिल्ह्याचा कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे आणि तालुक्याचा मामलेदारही मॅजिस्ट्रेटचे काम पाही. महसूल वसूल करणारा, शांतता राखणारा, मनाई करणारा आणि मनाई मोडणाऱ्याला शिक्षा करणारा, असे सर्व अधिकारी एकाच प्रशासनाच्या साखळीतील होते. ज्याने बंदोबस्त ठेवायचा त्याला सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुर्बलाला मागे सारणे. दार बंद करणारे मूठभर बलवान आणि दार उघडा म्हणणारे गरीब अशा वेळी शांततेच्या नावाखाली कोणाला हटविले जाईल, हे सांगावयास नको. हटविणारा आणि न्याय करणारा एकाच खात्याचा असेल तर हटविलेल्याने कोणाकडे पाहावे? महाडला योगायोगाने साथ दिली होती. नाशिकला ती मिळाली नाही.

१९३४ साली बाबासाहेबांनी हा सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला दादासाहेबांना दिला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या शेजारच्या येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. त्यानंतर १९३८ च्या फेब्रुवारीत ते आपल्या तालुक्यातील मनमाड येथे आले. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले आणि कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंची ओळख करून दिली. त्याच वर्षी मुंबई विधानसभेत औद्योगिक कलहाचे विधेयक आले. त्यात काही संप बेकायदा ठरवून संपकऱ्याला तुरुंगवासाची तरतूद होती. काम सोडणे हा गुन्हा ठरविणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली आणि ७ नोव्हेंबरच्या संपाचे ते एक प्रमुख नेते झाले. मॅजिस्ट्रेटपुढे कोणाला आणि कोणत्या कारणाने उभे करावे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने मुळात माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता.

संविधानातील दोन तरतुदी

२९ ऑगस्ट १९४७ रोजी स्थापन झालेल्या मसुदा समितीचे बाबासाहेब अध्यक्ष झाले. समता, आरक्षण, अस्पृश्यता निवारण या तरतुदींविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु तालुक्याच्या न्यायालयाशी थेट नाते असलेल्या दोन तरतुदी त्यांनी संविधान सभेत स्वतः मांडल्या, त्यांची माहिती आपल्या प्रत्येक घरात असावयास हवी.

पहिली तरतूद नोव्हेंबर १९४८ मधील. न्यायदानाचे काम शासनाच्या कार्यकारी यंत्रणेपासून वेगळे करावे, ही मागणी देशात काँग्रेसच्या प्रारंभीच्या अधिवेशनांपासून होत आली होती. बाबासाहेबांनी ती राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणली. तेच आजचे कलम ५०. आरंभी त्यात तीन वर्षांची मुदत होती, ती चर्चेत वगळली गेली. मुंबई राज्याने १९५१ साली त्यासाठी कायदा केला. संपूर्ण देशासाठी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, तेव्हा न्यायिक दंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी असे दोन स्वतंत्र वर्ग पक्के झाले. नाशिकमध्ये जे अधिकार एकाच साखळीत अडकलेले होते, ते आता दोन खुर्च्यांत वाटले गेले. न्यायिक दंडाधिकाऱ्यावर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. जिल्हाधिकाऱ्याचे किंवा पोलिसांचे नाही.

दुसरी तरतूद सप्टेंबर १९४९ मधील. व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून योग्य न्यायप्रक्रियेचे संरक्षण गळल्याने संविधान सभेतील आणि बाहेरील अनेक जण अस्वस्थ होते. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला नजीकच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. चोवीस तासांचा नियम जुन्या फौजदारी कायद्यातही होता. पण साधा कायदा विधिमंडळ केव्हाही बदलू शकते. तो नियम मूलभूत हक्कांत घातल्यामुळे कोणत्याही सरकारला सहजासहजी मोडता येऊ नये अशी त्याची जागा झाली.

या दोन तरतुदी एकत्र वाचल्या तर बाबासाहेबांचा विचार पूर्ण दिसतो. पोलिसांनी पकडलेल्या माणसाला एका दिवसात मॅजिस्ट्रेटसमोर आणा, आणि तो मॅजिस्ट्रेट पोलिसांच्या किंवा महसुलाच्या साखळीतील नसू द्या. एकीवाचून दुसरी अपुरी. महाड आणि नाशिक येथील अनुभव पाहिलेल्या माणसाने ही जोडी घातली आहे.

आजचे तालुक्याचे न्यायालय

आज नांदगावला जाऊन पाहिले तर हे दोन खुर्च्यांचे वाटप डोळ्यांना दिसते. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी. शांतता भंग होऊ नये म्हणून प्रतिबंधक कारवाई करणे, चांगल्या वर्तणुकीचे जामीनपत्र घेणे अशी कामे त्यांच्याकडे. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी मात्र न्यायाधीश. तालुक्याच्या ठिकाणी बहुधा तेच कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशही असतात. फौजदारी खटले ऐकणे, साक्षीपुरावा नोंदविणे, जामीन देणे अथवा नाकारणे, पोलीस कोठडीची मागणी तपासून पाहणे ही त्यांची कर्तव्ये. त्यांना तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देता येते. त्याहून गंभीर गुन्हे वरच्या न्यायालयाकडे जातात. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी ही मूळ रचना कायम आहे.

पालकांनी यातील काही गोष्टी मनात पक्क्या ठेवाव्यात. आपल्या घरातील कोणाला अटक झाली, तर चोवीस तासांचा हिशेब ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे. दंडाधिकाऱ्यासमोर उभे केल्यावर मारहाण झाली असेल तर ती तेथेच सांगावी. ते ऐकून नोंद घेणे हे त्यांचे कर्तव्य आहे. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली नाही, तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. त्यानंतरही काही झाले नाही तर थेट दंडाधिकाऱ्याकडे जाता येते आणि ते तपासाचा आदेश देऊ शकतात. नवऱ्याने टाकलेल्या बहिणीला, दुर्लक्षित मुलांना, म्हाताऱ्या आईवडिलांना पोटगीसाठी न्यायालयाचे दार उघडे आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावयाचा असतो. वकील करण्यास पैसा नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही.

ज्या बहिष्काराची चौकशी करावयास बाबासाहेब १९२९ साली धुळ्याकडे गेले, त्यावरही आता कायदा आहे. अस्पृश्यता पाळणे १९५५ च्या कायद्याने दंडनीय झाले. तोच पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. अत्याचाराचे गुन्हे १९८९ च्या कायद्याखाली विशेष न्यायालयात चालतात. आणि महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि हे खटले दंडाधिकाऱ्यापुढेच चालतात. दुकानातून मीठ नाकारले गेले तर काहीच घडले नाही, असे आता कायदा म्हणू शकत नाही. बाबासाहेबांच्या त्या प्रवासानंतर हे कलम येण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

खुर्ची आणि माणूस

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो बाबासाहेबांनी महाडच्या निकालानंतरच ओळखला होता. खुर्च्या वेगळ्या झाल्या, कलमे लिहिली गेली, पण खुर्चीवर बसणारा माणूस याच समाजातून येतो. फिर्याद लिहून घेणारा हवालदार, बाजू मांडणारा वकील, साक्ष देणारा शेजारी हे सारे याच गावांतून येतात. साक्षीदार फिरतो, तारीख पडते, मजुरी बुडते, आणि फिर्यादी थकून तडजोड करतो. कायदा उत्तम असूनही न्याय निसटतो तो येथे.

याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्या कृतीतून दिले. वकिली सुरू केल्यावर लवकरच, १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेच्या वतीने सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. न्यायालयात एक खटला जिंकल्याने एका पक्षकाराचे भले होते. वसतिगृहात शिकलेली मुले वकील, न्यायाधीश, पोलीस अधिकारी झाली तर न्यायालयाचा चेहराच बदलतो, हे त्यांना ठाऊक होते. आपले निवासी विद्यालय त्याच परंपरेतील आहे. येथे मुले जेवतात, झोपतात, अभ्यास करतात, सकाळी वंदना म्हणतात. त्यामागे हा दूरचा हेतू आहे.

तथागतांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात सम्यक वाणी आणि सम्यक कर्म आहेत. न्यायालयात खरी साक्ष देणे आणि भीती वाटली तरी ती न बदलणे ही धम्माचीच साधना आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी आपल्यासाठी ठेवलेल्या ठेव्यात तालुक्याच्या ठिकाणचे हे न्यायालयही आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे विधी शाखेकडे वळले असतील, त्यांनी महिन्यातून एक दिवस आपल्या भागातील गरीब पक्षकारासाठी द्यावा. पालकांनी आपल्या मुलीला एकदा तरी खुल्या न्यायालयाचे कामकाज दाखवावे. ते पाहण्यास सर्वांना मुभा असते. उद्या तिच्यापैकी एखादी त्या खुर्चीवर बसावी, आणि समोर उभ्या असलेल्या घाबरलेल्या माणसाला तिने पहिला प्रश्न हाच विचारावा की तुला केव्हा पकडले आणि तुझ्या बाजूने बोलायला कोणी आहे का. बाबासाहेबांनी लिहिलेले कलम त्या दिवशी कागदावरून खऱ्या अर्थाने उतरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!